डोळे उघडे ठेवून

३ फेब्रुवारी, रविवार, दुपार

दादा,

चर्चमधलं काही लिहू नकोस, असं तू जाताना बजावून गेलास. ठीक आहे. मी कारखान्यातलं लिहिते.

आमच्या लाईनवर शर्टांच्या कॉलरी आणि कफ शिवतात. सगळी मशिनं एकदम सुरू झाली की शेजारणीने कानाशी येऊन बोंब मारली तरी कळत नाही. आणि अशा गोंगाटात निवांत गप्पा कोण मारत असतं? ज्यांना ऐकूच येत नाही ते! मालकांनी या हंगामात दहा-बारा बहिरे कामगार घेतले आणि सरळ माझ्या हाताखाली दिले, कारण त्यांच्याशी हातांनी बोलू शकणारी सुपरवायझर अख्ख्या कारखान्यात मी एकटीच. आईला ऐकू येत नव्हतं म्हणून आपण दोघं तोंडाआधी हातांनी बोलायला शिकलो, त्याचा मला असा चाळिशी उलटल्यावर उपयोग झाला. ही मंडळी मला हसतात मात्र. म्हणतात, तू आमच्या आजीसारखी बोलतेस. आईच्या खुणा जुन्या शाळेतल्या ना!

त्यांच्यातली एक कटिंग टेबलावर असते. डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा घालून कापडाच्या जाड थप्पीतून पातं फिरवते, आणि बोलायला लागली की मोजा काढायचं विसरते, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं चकाकतं. तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे. स्वतःची ओळख ती दोन बोटांची कात्री चालवून करून देते, म्हणून आम्हीही तिला कात्रीच म्हणतो. स्वभावाला शोभतं.

तर जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि डोळे मिटले. हिने माझ्या खांद्यावर थाप मारली.

“कोणाशी बोलत होतीस?”

“देवाशी.”

“डोळे मिटून? मग तो काय म्हणाला ते तुला कळणार कसं?”

मी इतकी प्रवचनं ऐकलीत, त्यातली निम्मी तुझीच, पण याचं उत्तर मला एकाही प्रवचनात सापडेना. मी आपली “रविवारी ये, दाखवते” म्हणून सुटले. वाटलं होतं विसरेल. आज सकाळी चर्चच्या दारात ती उभी, आणि तिच्यामागे कॉलरी, कफ, इस्त्री, पॅकिंग, सगळं खातंच हजर! आता सांग, मी काय करू? मी चर्चचं लिहीत नाहीये, कारखानाच चर्चला आला.

नवे पाळक तसे उमदे आहेत. तुझ्यापेक्षा पुष्कळ तरुण, घाबरले की चष्मा पुसतात. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, तुम्ही पुढे उभ्या राहा आणि मी बोलतो ते हातांनी सांगत जा. मी गाणी सांगितली, वाचन सांगितलं, उपदेश सांगितला. खांदे भरून आले, पण काय सांगू, मजा येत होती. आणि मग पाळक म्हणाले, “आपण प्रार्थना करू या.”

आणि मी काय केलं? मान खाली घातली, हात जोडले आणि डोळे मिटले. गच्च! वर मनातल्या मनात भरपूर प्रार्थनाही केली. आमेन म्हणून डोळे उघडले, तर सगळी मंडळी माझ्याकडे बघत बसलेली, घरातली वीज गेल्यावर माणसं बसतात तशी. कात्री उठली आणि सगळ्यांसमोर हातांनी म्हणाली, “देवाशी बोलायची वेळ आली आणि तू दुकानच बंद केलंस?”

दादा, आपल्या आईची मुलगी आहे मी! पण आपल्या घरात हात घरी आणि तोंड चर्चमध्ये, अशी वाटणीच झाली होती. आई पहिल्या बाकावर बसायची आणि प्रार्थनेत कधी डोळे मिटायची नाही, लोकही म्हणायचे की पाळकांची आई असून हिला शिस्त नाही. ती बघत होती, दादा. कोणीतरी काहीतरी सांगेल म्हणून बघत होती. हे मला आज कळलं, आणि कळल्यापासून मला घरात एका जागी बसवत नाहीये. आमचे हे म्हणतात, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. लागू दे. पुढच्या रविवारी मी डोळे उघडे ठेवणार.

तुझी,
धाकटी


१० फेब्रुवारी, रविवार

दादा,

ठेवले! पूर्ण प्रार्थना! हात चालू आणि डोळे टक्क उघडे!

प्रार्थनेत माणसं कशी दिसतात हे तुला कधी बघायला मिळालं होतं का? तूसुद्धा मिटायचास म्हणा. पेटीवाल्या काकू नखं खातात. खजिनदारकाका एक डोळा किलकिला करून घड्याळ बघतात. आणि आमचे हे, ज्यांच्याबद्दल लग्नापासून माझी खात्री होती की प्रार्थनेत झोप काढतात, ते खरोखर प्रार्थना करतात! ओठ हलत होते, कपाळावर आठी होती, एकदा तर चक्क माझं नाव घेतलेलं दिसलं. घरी येताना मी त्यांच्याशी इतकी गोड बोलले की ते घाबरले.

पण मोठी गोष्ट ती नाही. मोठी गोष्ट बुधवारची. पाळी सुटल्यावर कात्रीने मला कटिंग टेबलापाशी थांबवलं आणि वकिलासारखी उलटतपासणी घेतली.

“तुमच्यात एकदा सगळे समोर बघून गाता. ते काय?”

“उपासना.”

“आणि एकदा सगळे डोळे मिटता. ते?”

“प्रार्थना.”

“म्हणजे सगळे एकत्र असता तेव्हा देवाला काही विचारत नाही, आणि विचारायची वेळ आली की एकेकटे होता?”

मी म्हटलं, तसं नाही गं, प्रार्थना हा उपासनेचाच भाग आहे. तर म्हणते, “मग बहिणी-बहिणी भांडल्यासारख्या वेगळ्या का राहतात दोघी?” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिने बाकीच्यांना बोलावलं. सगळे टेबलाभोवती उभे राहिले. इस्त्रीवाल्याने प्रार्थना केली, हातांनी, मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी. मालकाच्या रागासाठी केली, पोरीच्या खोकल्यासाठी केली. आणि सगळे त्याच्याकडे बघत होते, कारण बघितलं नाही तर प्रार्थना हुकते! त्यांच्यात स्वतःपुरतं गुपचूप काही मागताच येत नाही. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी ते आपल्या डोळ्यांत घ्यायचं. इस्त्रीवाल्याचे हात थांबले तेव्हा त्या पोरीचा खोकला आमच्या सगळ्यांच्या घरचा झाला होता.

मी लहानपणापासून प्रार्थना ऐकत आले, पण प्रार्थना पाहिली ती बुधवारी. आणि त्या टेबलापाशी, चिंध्यांच्या ढिगाशेजारी, मला कळेना की ही प्रार्थना चाललीय की उपासना. तेव्हा मला तू आठवलास. “मला उपासना येते, प्रार्थना येत नाही,” हे तू मला फाटकात उभा राहून सांगितलंस आणि बॅग उचललीस. मी तेव्हा नुसती रडले, बावळटासारखी. आता मला तुझ्याशी भांडायचंय, कडाक्याचं, आणि तू लाकडाच्या वखारीत फळ्या मोजत बसलायस.

उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तरी चालेल.

धाकटी


२४ फेब्रुवारी

दादा,

आपल्या चर्चची बाकं वळवली!

मागे बसलेल्या बहिऱ्यांना पुढच्यांच्या डोक्यांमधून माझे हात दिसत नव्हते, आणि त्यांच्यापैकी कोणी उठून प्रार्थना केली तर कोणालाच दिसत नव्हती. पाळक म्हणाले, गोल बसू या. बाकं जमिनीला बोल्टांनी पक्की केलेली. शनिवारी आमचे हे पाना घेऊन गेले, घामाघूम होऊन आले, आणि बाकं भिंतीच्या कडेने गोल लागली, फक्त व्यासपीठाची बाजू मोकळी ठेवून.

खजिनदारकाका म्हणाले, “अशाने निम्म्या लोकांची देवाकडे पाठ होते.” पाळकांनी चष्मा पुसला आणि नम्रपणे विचारलं, “देव नक्की कोणत्या भिंतीला असतो, काका?” काका जाऊन बसले मात्र जुन्याच कोपऱ्यात.

आणि मग काय गंमत! इतकी वर्षं आपण एकमेकांच्या पाठी आणि केसांचे भांग बघून उपासना केली. तोंडं आज पाहिली. एकमेकांना ‘शांती असो’ म्हणायच्या वेळी पेटीवाल्या काकू समोर बसलेल्या आपल्या जावेकडे बघून हसल्या. त्या दोघींचा अबोला केव्हापासूनचा, तुला माहीतच आहे.

तू असतास तर! नाही, चुकले, तू म्हणाला होतास असं लिहायचं नाही.

धाकटी


६ मार्च, बुधवार

दादा,

आता मात्र मुद्द्याचं लिहिते. नीट वाच, पत्र खिशात कोंबू नकोस.

कात्रीला बाप्तिस्मा घ्यायचाय. सात एप्रिलला, रविवारी. पाळकांनी तिला शिकवलं, मी मध्ये उभी राहून सांगितलं, तिने प्रश्न विचारून आम्हा दोघांच्या नाकी नऊ आणले. सगळं ठरलं आणि शेवटी ती म्हणाली, माझी एक अट आहे. मला पाण्यात उभं करून जो विचारेल, त्याने स्वतःच्या हातांनी विचारायचं. मध्ये कोणी नको. “लग्नात नवऱ्याऐवजी दुसऱ्याने ‘हो’ म्हटलेलं चालतं का तुमच्यात?”

पाळक बिचारे खुणा शिकायला बसले. मनापासून शिकतात रे, पण बोटं म्हणजे लाकडाच्या खुंट्या. “तुझा विश्वास आहे का?” असं त्यांनी विचारलं ते कात्रीला “तुझी पिशवी फाटली का?” असं दिसलं. ती हसून हसून खाली बसली. शिवाय दुसरी अडचण अशी की, पाण्यात उतरल्यावर दोन्ही हातांनी माणसाला धरायचं की दोन्ही हातांनी बोलायचं? धरलं तर बोलणं बंद आणि बोललं तर बाई बुडाली! ही अडचण आजवर कुठल्या पाळकाला आली असेल?

मी म्हटलं, पाळक धरतील, मी विचारते. तर कात्री म्हणाली, “तू माझी सुपरवायझर. तुझ्या प्रत्येक प्रश्नाला मी रोजच ‘हो’ म्हणते. पगाराचा प्रश्न असतो.” खरं सांगते, तोंडात मारल्यासारखं झालं, पण बोलली ते शंभर टक्के खरं.

म्हणजे पाळकांची दीक्षा झालेला आणि हातांनी बोलणारा माणूस हवा. असा माणूस माझ्या माहितीत पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो फळ्या मोजतोय.

नाही म्हणायच्या आधी ऐक. नवे पाळक स्वतःहून म्हणाले, “तुमच्या भावाला विचारा ना.” कमिटीची हरकत नाही. तुझा राजीनामा अजून मंजूरच झालेला नाही, कारण त्या विषयावर ठेवलेल्या एकाही बैठकीला पुरेशी माणसं आली नाहीत. खजिनदारकाका दर वेळी आजारी पडतात. एरवी धडधाकट असतात.

तू आला नाहीस तर ती बाप्तिस्मा घेणार नाही. तिने तसं साफ सांगितलंय, आणि ती कापते ते एकदाच कापते.

उत्तराची वाट बघते. या वेळी खरंच बघते.

धाकटी


१५ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं. “मी लायक नाही. पुन्हा विचारू नकोस.” बस? एवढंच? अरे, वखारीत शब्दांचाही भाव वाढलाय का?

मी चिडलेय. आधी वाटलं फाडून टाकावं, मग वाटलं तुलाच परत पाठवावं, शेवटी कात्रीला दाखवलं. तू स्वतःला लायक का समजत नाहीस ते मला माहीत आहे. आईला पुरताना उपासना तूच चालवलीस. लोक अजून नावाजतात, काय आवाज, काय शब्द! थडग्यापाशी आईच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी उभ्या होत्या, तुझ्या तोंडाकडे बघत. त्यांच्यासाठी तुझे हात एकदाही वर आले नाहीत. माझेही आले नाहीत, मी तर नुसती हुंदके देत होते. पण तू ते मनाला लावून घेतलंस, झगा खुंटीला लावलास आणि फाटकात मला ते वाक्य ऐकवलंस. म्हणालास, किती वर्षं झाली, मी लोकांसमोर देवाशी बोलतो आणि खोलीत आलो की बोलायला कोणी नसतं.

हे सगळं मी कात्रीला सांगितलं. हो, सांगितलं! राग आला तर येऊ दे, दोन दिवसांत उतरेल. मी म्हटलं, माझा भाऊ म्हणतो त्याला प्रार्थना येत नाही.  तिने पोलादी मोजा काढून टेबलावर ठेवला. म्हणजे बाई आता गंभीर बोलणार.

“मी त्याची प्रार्थना कुठे मागितली? मला त्याचे हात हवेत. आणि लायक असणारा मला नकोच. लायक माणसं घाईत असतात.”

आता मी पुन्हा विचारत नाही. तू नको म्हणालास ना. मी फक्त कळवतेय, की सात एप्रिल रविवारी येतो आणि उपासना सकाळी असते.

धाकटी


३१ मार्च

दादा,

मी तुझी वाट बघत नाहीये. मागची छोटी खोली झाडली ती सहजच झाडली, पलंगावर धुतलेली चादर घातली ती उन्हात वाळली होती म्हणून. यांनी विचारलं, कोण येणार आहे? म्हटलं, झुरळं.

बाप्तिस्म्याचा हौद उघडला आज. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या, तर आत काय निघालं? मोडक्या खुर्च्या, रंगाचे वाळलेले डबे, पेटीचा फाटका भाता आणि कोणाची तरी एकच चप्पल. पाळक म्हणाले, आपण पश्चात्तापाच्या जागेची अडगळीची खोली केली. मग त्यांनाच हे वाक्य इतकं आवडलं की ते उपदेशात घालणार आहेत. इस्त्रीवाला आणि आमचे हे मिळून हौद घासतायत. एका कोपऱ्यातून पाझरतो, तिथे सिमेंट लावलं.

कात्रीने पांढरा झगा स्वतः बेतला आणि स्वतः कापला. तालीम म्हणून मी पाळकांच्या बाजूला उभी राहून विचारायची खूण केली, तर तिने तोंड फिरवलं. “तो येईपर्यंत मी कोरडी.” कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय की सुपरवायझरचा भाऊ येणार. मी तिला म्हटलं, अगं त्याने नाही म्हटलंय. ती म्हणाली, “लिहून नाही म्हटलंय. हातांनी नाही म्हटलेलं.”

मला झोप येत नाही. भीती वाटते आणि आनंदही होतो, दोन्ही एकदम, आणि कुठलं कुठे संपतं ते समजत नाही. दादा, ती कोरडीच राहिली तर मी तिला काय तोंड दाखवू?

तुझी,
धाकटी


८ एप्रिल, सोमवार, जेवणाच्या सुट्टीत

दादा!

तू आलास आणि चहा न घेता गेलास, म्हणून हे पत्र. ओल्या पँटीवर कोणी बस पकडतं का? तुझी ओली बनियन हौदाशेजारीच राहिली. खजिनदारकाकांनी ती पिळून दोरीवर घातली आणि कोणाला हात लावू देत नाहीत.

आता नीट सांगते, कारण तुला तुझ्या जागेवरून काही गोष्टी दिसल्या नसतील.

तू मागच्या दाराने आलास तेव्हा दुसरं गाणं चाललं होतं आणि मी ते हातांनी सांगत होते. तू दिसलास आणि माझे हात मधल्या ओळीवरच थांबले. सगळ्या बहिऱ्यांना वाटलं गाणं संपलं, ते खाली बसले. ऐकणारे गातायत, न ऐकणारे बसलेत, असा अर्धं मिनिट गोंधळ. तू दाढी वाढवलीस. तुला शोभत नाही. वखारीचा भुसा तुझ्या कानामागे होता, तो मला नंतर बाकावरून दिसत होता, आणि मला तो झटकून टाकावासा वाटत होता, भर उपासनेत.

तू हौदात उतरलास, भिंतीला पाठ लावून उभा राहिलास. पाळक बाजूला, तिला धरायला. आणि कात्री उतरली ती थंड पाण्याने शहारली आणि तुझ्याकडे बघून आधी चक्क हसली. मग तू विचारलंस. दादा, तुझे हात! मी विसरले होते. ते आईचे हात आहेत. तीच जुनी खूण, तीच बोटांची ठेवण, “विश्वास” म्हणताना तळहात जरासा थांबतो तो तसाच. कात्री मला नंतर म्हणाली, हाही आजीसारखाच बोलतो. पण तेव्हा तिने तुझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याआधी वेळ घेतला. मला ती पटकन ‘हो’ म्हणते. तुला तिने विचार करून ‘हो’ म्हटलं. तू पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलंस आणि पाळकांनी तिला पाण्याखाली नेलं, आणि तुझे हात हवेतच होते, ती वर आली तेव्हा तिला पहिली दिसली ती तुझी शेवटची खूण. आमच्याकडे सगळ्यांनी हात वर करून हलवले, त्यांची टाळी तशी असते. पेटीवाल्या काकूंनीही हलवले. खजिनदारकाकांनी आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग हलवले.

मग पाळकांनी तुला मान हलवून सांगितलं, प्रार्थना तुम्ही करा. ते ठरलेलं नव्हतं. मी त्यांना नंतर फैलावर घेतलं, ते म्हणाले, मला वाटलं सोपं असेल.

तुझे हात वर आले. आले आणि राहिले. मी बघत होते, सगळे बघत होते, कारण आता आपल्याकडे प्रार्थनेत कोणी डोळे मिटत नाही ना! लपायला जागाच नाही.  आणि तू हात खाली आणलेस आणि छोट्याशा खुणेने तिला म्हणालास, “पुढचं मला येत नाही.”

तू तिलाच म्हणालास, पण तुझं तोंड आमच्याकडे होतं, त्यामुळे सगळ्या मंडळीला दिसलं. निदान ज्यांना हात वाचता येतात त्यांना. इस्त्रीवाल्याने मान खाली घातली. मला उठून तुझ्याजवळ यायचं होतं, यांनी माझा पदर धरून ठेवला.

आणि तिने तुझ्यासाठी प्रार्थना केली.

दादा, तिची पाठ होती आमच्याकडे! आम्हाला फक्त तिच्या पाठीवरची पांढरी शिवण दिसत होती, आणि हलणारे खांदे, आणि कोपरांवरून उडणारं पाणी. इतकी माणसं डोळे फाडून बसलेली, आणि ती प्रार्थना तुझ्याशिवाय कोणाला दिसली नाही. बाजूला पाळक होते, पण त्यांचं खुणांचं ज्ञान तुला सांगितलंच आहे. त्यांना त्यातलं “पाणी” आणि “भाऊ” एवढंच कळलं, आणि “भाऊ” होतं की “पिशवी” याचीही त्यांना खात्री नाही.

आज सकाळी मी हजेरी घ्यायच्या आधी कात्रीकडे गेले. विचारलं, काय मागितलंस? तिने मोजा चढवला, पातं सुरू केलं आणि एका हाताने म्हणाली, “त्याला दिसलंय. त्याला विचार.” सगळे विचारतायत. खजिनदारकाकांनी तर आमच्या यांना रस्त्यात गाठून विचारलं. मी सगळ्यांना सांगितलं की मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही हे मला सहन होत नाहीये. तू लिहावंस असं मला फार फार वाटतं. नाही लिहिलंस तरी मी रागावणार नाही. ते तुझं आहे.

पण एक गोष्ट मला माहीत आहे. तिची पाठ होती, पण तू आमच्याकडे तोंड करून होतास. तिचे हात थांबले तेव्हा तुझे डोळे इतके भरले होते की तू ते मनगटाने पुसलेस, आणि मनगट ओलं, त्यामुळे आणखीच भरले. मग तू घाईघाईने हात वर केलेस, लहानपणी आईचं बोलणं हुकलं की करायचास तसे, आणि तिला म्हणालास, “थांब. दिसलं नाही. पुन्हा सांग.”

दादा, तू मागितलंस. सगळ्या मंडळीसमोर, उघड्या डोळ्यांनी.

आणि तिने ओले केस मागे सारले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

तुझी,
धाकटी